दक्षिण आफ्रिकेस निघताना



कळंबोलीच्या चौकात उभे राहिले म्हणजे चारी दिशांच्या वाटा पायाशी आल्यासारख्या वाटतात. एक मुंबईला जाते, एक पुण्याला, एक मुंब्र्याकडे आणि एक न्हावाशेव्याच्या बंदराला. लोखंडबाजारातून निघालेला ट्रक यांपैकी कोणत्या वाटेला लागेल हे त्याच्या हाकणाऱ्यालाच ठाऊक. आता आकाशातली वाटही जवळ आली आहे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली, आणि दूरदेशीच्या गोष्टी पनवेल-कळंबोलीच्या घराघरांत पूर्वीपेक्षा अधिक निघू लागल्या.

समजा, रोडपालीच्या एका घरातला मुलगा तळोज्याच्या कारखान्यात कामाला आहे. कारखान्याने त्याला तीन आठवड्यांसाठी दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला, यंत्र बसवायला धाडायचे ठरवले. घरात पेढे आले. आईने लाडवाचे भांडे काढले. आणि संध्याकाळी शेजारपाजारची मंडळी सल्ला द्यायला जमली. एक म्हणाले, "पिवळ्या तापाची सुई टोचून घे, नाहीतर विमानातून उतरूच देणार नाहीत." दुसरे म्हणाले, "छे, काही लागत नाही, माझा मेव्हणा तसाच जाऊन आला." तिसऱ्या काकू म्हणाल्या, "तिकडे हिवताप फार, गोळ्या सुरू कर बाबा." चौथे हळूच म्हणाले, "घड्याळ घरी ठेवून जा, तिकडे भर रस्त्यात लुटतात."

गंमत अशी, की हे चारही सल्ले खरे आहेत आणि चारही अर्धवट आहेत. आज ते एकेक करून नीट पूर्ण करू. आणि शेवटी एक पाचवा सल्ला सांगेन. तो त्या संध्याकाळी कोणीच दिला नाही, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रथम दाराशी काय मागतात ते पाहू. दक्षिण आफ्रिकेस जाणाऱ्या भारतीयाला व्हिसा आधीच काढावा लागतो. पासपोर्टची मुदत तो देश सोडण्याच्या ठरल्या दिवसानंतर निदान तीस दिवस तरी शिल्लक हवी, आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे आहेत याचा पुरावा जवळ ठेवावा. साधा व्हिसा फिरायला, नातलगांना भेटायला असतो. तिथे हाताने काम करायचे असेल, मग ते तीन आठवड्यांचे का असेना, तर तशी परवानगी व्हिसावर नोंदलेली हवी. "फिरायला आलो म्हणून सांग, पुढचे आम्ही पाहतो," असे सांगणारा एजंट भेटला तर त्याला दुरून नमस्कार करावा. पकडले गेल्यावर तो तिथे नसतो, तुम्ही असता. मूल बरोबर असेल तर त्याचा मूळ जन्मदाखला आणि बरोबर नसलेल्या आईचे किंवा वडिलांचे संमतिपत्र जवळ असलेले बरे. कोविडच्या काळात लागणारे दाखले मात्र त्या देशाने जून 2022 मध्ये बंद केले, तेव्हा ती चिंता नको.

आईच्या लाडवांचेही सांगून टाकतो. ताजी फळे, बियाणे, मांसाचे व दुधाचे पदार्थ परवान्यावाचून तिथे नेता येत नाहीत. सामानात खाण्याचे जे असेल ते विचारण्याआधी आपणहून सांगावे. सांगितलेला लाडू फार तर टोपलीत जाईल. लपवलेला सापडला तर दंड भरावा लागेल.

आता पहिल्या दोन शेजाऱ्यांचा वाद. पिवळा ताप, म्हणजे पीतज्वर, हा आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातला रोग. मेंदूत एक खूणगाठ बांधून ठेवा: दक्षिण आफ्रिकेत तो नाही, आणि हिंदुस्थानातही नाही. म्हणून जो माणूस मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे थेट जोहान्सबर्गला उतरतो, त्याच्याकडे पीतज्वराचा दाखला मागत नाहीत. मेव्हणे याच वाटेने गेले असतील, म्हणून त्यांना सुई लागली नाही.

परंतु मुंबईहून जोहान्सबर्गला जाणाऱ्या पुष्कळ वाटा नैरोबीवरून किंवा अदिस अबाबावरून जातात. केनिया आणि इथिओपिया हे पीतज्वराचे देश गणले जातात. तिथल्या विमानतळावर बारा तासांहून अधिक काळ थांबलात, किंवा गावात जाऊन एक रात्र काढलीत, की दक्षिण आफ्रिकेच्या दाराशी दाखला मागितला जातो. म्हणून तिकीट काढताना किमतीबरोबर वाटही पाहावी. तिकिटात वाचलेले पैसे कधी कधी सुईच्या धावपळीत जातात.

ही सुई कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच ती टोचतात. बंदर आणि विमानतळ यांच्या आरोग्य संघटना हे काम करतात, आणि काही सरकारी रुग्णालयांतही तशी सोय आहे. आधी वेळ ठरवून, पासपोर्ट घेऊन जावे लागते. टोचल्यावर एक पिवळे पुस्तक मिळते. त्यावरचे नाव आणि पासपोर्टचा क्रमांक बरोबर लिहिला आहे ना, सही आणि शिक्का उमटला आहे ना, हे खिडकी सोडण्यापूर्वी पाहावे. ते पुस्तक टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होते, कारण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून घेणाऱ्याला सुईचा ठणका मिळतो, दाखला मिळत नाही. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचावे लागे. जुलै 2016 पासून एकदाच टोचलेले जन्मभर चालते. ही लस जिवंत विषाणूची असते आणि ती कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. म्हणून ज्यांना अंडे सोसत नाही, जे फार वृद्ध आहेत, ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरला आधी सर्व सांगावे. टोचणे धोक्याचे असेल तर तसे लेखी पत्र मिळते.

इथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. ही लस ज्याने सिद्ध केली तो माक्स थायलर हा 1899 साली दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया शहरात जन्मला. न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत काम करून त्याने 1937 मध्ये ही लस तयार केली आणि 1951 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या देशात पीतज्वर नाही, त्या देशाच्या मुलाने साऱ्या जगाला पीतज्वरापासून वाचवण्याची वाट दाखवली.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? माणूस धडधाकट दिसतो आहे, जाऊ द्या की आत! या प्रश्नाचे उत्तर शोधायला जुन्या इतिहासात थोडे मागे जावे लागते, कारण दाराशी अडवून ठेवण्याची गोष्ट मुंबई आणि डर्बन यांच्यात नवी नाही.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गांधीजी कस्तुरबांना आणि मुलांना घेऊन मुंबईहून 'कोर्लँड' आगबोटीने निघाले. 'नादेरी' नावाची दुसरी बोटही सुमारास निघाली. दोन्ही बोटींवर मिळून सुमारे आठशे उतारू होते. डिसेंबरात त्या डर्बनला पोचल्या तेव्हा मुंबई हे रोगी बंदर म्हणून जाहीर झाले. बोटींवर प्लेगचा एकही रोगी नव्हता. तरीही त्यांना तीन आठवड्यांहून अधिक काळ किनाऱ्यापासून दूर उभे करून ठेवले. 13 जानेवारी 1897 रोजी उतारू उतरले. त्या दिवशी गांधीजींवर गोऱ्यांच्या जमावाने हल्ला केला. पोलीस अधीक्षकांच्या पत्नी श्रीमती अलेक्झांडर आपली छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या, म्हणून ते वाचले.

रोगाची भीती खरी होती, हे आपण मान्य करू. मुंबईत माणसे पटापट मरत होती. पण त्या तीन आठवड्यांत रोगापेक्षा रंगाचा विचार अधिक होता. हिंदी माणसाने नाताळात पाऊलच ठेवू नये, अशा सभा डर्बनमध्ये भरत होत्या. पुढे त्याच 1897 साली नाताळच्या सरकारने कायदे केले. रोगी बंदरातून आलेल्याला उतरू न देण्याचा एक, आणि युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे असा एक. दुसरा कायदा कोणासाठी होता हे सांगायला नको.

त्याच जानेवारीत इकडे मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत, हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेत होता. डर्बनच्या समुद्रात आठशे माणसे अडकली असताना त्या अडवणुकीवरचा खरा इलाज मुंबईत सिद्ध होत होता. लस टोचली, दाखला मिळाला, की माणसाला बोटीवर कोंडून ठेवण्याचे कारण उरत नाही.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे आजच्या पिवळ्या पुस्तकाचा अर्थ कळतो. 1897 सालचा दरवान तुमचा रंग आणि तुमची भाषा पाहत होता. आजचा दरवान तुम्ही गेल्या काही दिवसांत कुठल्या डासांच्या गावात राहिलात एवढेच विचारतो, आणि तो प्रश्न गोऱ्याला, काळ्याला, आपल्याला सारखाच विचारतो. म्हणून तिथे रांगेत उभे राहताना अपमान वाटून घेऊ नये. आणि हो, त्याच प्रश्नासाठी आपला देशही दाराशी उभा असतो.

पीतज्वराच्या देशातून सहा दिवसांच्या आत हिंदुस्थानात परतणाऱ्या माणसाकडे पिवळे पुस्तक नसेल, तर आपले विमानतळाचे आरोग्य अधिकारी त्याला सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. मग तो रोडपालीचा असो, वा लंडनचा. सहाच दिवस का? कारण हा रोग अंगात शिरल्यापासून तीन ते सहा दिवसांत बाहेर पडतो. नुसते विमान बदलून, विमानतळाबाहेर पाऊल न टाकता आलेल्याला अधिकारी सूट देऊ शकतात, परंतु त्या सुटीवर भरवसा ठेवून प्रवास आखू नये.

आपण इतके कडक का, हे समजायला कळंबोलीच्या बाहेर जायला नको. पीतज्वर पसरवणारा डास हा डेंग्यूचाच डास, पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस. तो आपल्या घरात, गच्चीवरच्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत, कूलरमध्ये आणि ट्रकच्या जुन्या टायरांत साठलेल्या पावसाच्या पाण्यात वाढतो. जिथे ट्रकांची वस्ती आहे तिथे टायरांना तोटा नाही. म्हणजे रोग पसरवणारा डास आपल्याकडे तयार आहे, आणि कधीही लस न टोचलेली माणसेही तयार आहेत. उणीव आहे ती फक्त रोगाची. एक तापाचा माणूस आला, त्याला दिवसा एक डास चावला, आणि दहा-बारा दिवसांनी तोच डास शेजारच्या मुलाला चावला, की झाले!

ही काल्पनिक भीती म्हणून सोडून देऊ नका. 2016 साली आफ्रिकेतल्या अंगोला देशात पीतज्वराची मोठी साथ आली. तिथे कामाला गेलेले चिनी लोक मायदेशी परतले, आणि त्यांतले अकरा जण तो ताप घेऊन चीनमध्ये उतरले. तोवर आशियात हा रोग असा कधी पोचला नव्हता. सुदैवाने तो तिथे पसरला नाही. अकरा माणसे, बहुधा अकरा साधी कामकरी माणसे. आपल्या यंत्र बसवणाऱ्या मुलासारखीच.

आता तिसऱ्या काकूंचा हिवताप. दक्षिण आफ्रिका हा मोठा देश आहे, आणि हिवताप त्याच्या एका कोपऱ्यातच आहे. ईशान्येकडचा सखल भाग, म्हणजे लिम्पोपो व म्पुमलांगा प्रांतांच्या पूर्वेचा पट्टा, ज्यात प्रसिद्ध क्रूगर अभयारण्य येते, आणि क्वाझुलू-नाताळचा अगदी उत्तरेचा भाग. डर्बन, केपटाऊन, जोहान्सबर्ग या शहरांत तो नाही. सप्टेंबर ते मे हे त्याचे महिने. तेव्हा डर्बनला कारखान्यात तीन आठवडे राहणाऱ्याला गोळ्या लागत नाहीत. मात्र मधल्या सुटीत चार मित्र म्हणाले, "चल, सिंह बघायला क्रूगरला जाऊ," किंवा "सीमा ओलांडून मोझांबिकच्या समुद्रावर जाऊ," तर हिशेब बदलला. मोझांबिक सगळाच हिवतापाचा देश आहे. अशा वेळी निघण्याआधीच डॉक्टरला विचारून गोळ्या घ्याव्यात. त्या परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवाव्या लागतात. कोणती गोळी, यावर एक आठवडा की चार आठवडे हे ठरते. पुष्कळ लोक घरी आले, की बरे वाटते म्हणून त्या सोडून देतात, आणि तिथेच फसतात. संध्याकाळी अंगभर कपडे, उघड्या अंगाला डास पळवणारे मलम आणि रात्री मच्छरदाणी, हे तर हवेच. त्याच भागात नदी-तळ्याच्या गोड्या पाण्यात पोहू नये, कारण त्या पाण्यातून त्वचेवाटे शिरणारा एक कृमिरोग आहे.

चौथ्या शेजाऱ्यांचे म्हणणे वाईट वाटले तरी खरे आहे. तिथल्या शहरांत चोऱ्या-लुटी होतात. रात्री पायी फिरू नये. मोबाइल हातात धरून रस्त्यात उभे राहू नये. गाडीत बसल्यावर दारे लावून घ्यावीत आणि काच बंद ठेवावी. कोणी अडवलेच तर वस्तू देऊन टाकावी, जीव देऊ नये. पासपोर्टची प्रत खिशात आणि मूळ पासपोर्ट कुलपात असावा. पोलिसांचा क्रमांक 10111, रुग्णवाहिकेचा 10177, आणि मोबाइलवरून 112. हे तीन क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, कारण मोबाइलच गेला तर त्यात साठवलेला क्रमांक काय कामाचा? अभयारण्यात मात्र चोरापेक्षा स्वतःची हौसच अधिक धोक्याची. ठरवून दिलेल्या जागेखेरीज गाडीतून उतरायचे नाही, मग छायाचित्र कितीही चांगले येणार असो.

काही घरगुती गोष्टीही सांगतो. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. घड्याळ साडेतीन तास मागे करावे लागते. जून-जुलैत तिथे थंडी असते, म्हणून स्वेटर न्यावा. आणि तिथला विजेचा प्लग आपल्या गीझरच्या मोठ्या तीन गोल पिनांच्या प्लगासारखा असतो, हे ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांना उगाचच बरे वाटेल.

आता तो पाचवा सल्ला. तो जाण्याबद्दलचा नाही, येण्याबद्दलचा आहे.

मुलगा परत आला. विमानतळावर हार घातला. दोन आठवडे गेले. एके दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला. पावसाळा आहे, कळंबोलीत घरोघर ताप आहे. तो जवळच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी तपासले, साधा ताप असेल म्हणून गोळ्या दिल्या. आफ्रिकेला जाऊन आलो हे त्याने सांगितले नाही. डॉक्टरांनीही विचारले नाही. तो क्रूगरला फक्त दोन रात्री होता, तेवढ्यासाठी काय सांगायचे, असे त्याला वाटले.

आफ्रिकेतला हिवताप बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो. तो मेंदूपर्यंत जातो आणि उशीर झाला तर जीव घेतो. डास चावल्यापासून सात दिवसांनी तो उमटू शकतो, महिन्यानेही उमटतो, क्वचित त्याहून उशिरा. म्हणजे बहुधा घरी परतल्यावरच. वेळीच रक्त तपासले तर तो पूर्ण बरा होतो. त्या मुलाच्या आणि मरणाच्या मध्ये एकच वाक्य उभे असते: "डॉक्टर, मी अमुक तारखेपर्यंत आफ्रिकेत होतो, हिवतापाच्या भागात दोन रात्री राहिलो होतो." हे वाक्य विचारण्याची वाट न पाहता, पहिल्याच भेटीत, आपणहून बोलावे. मी तर म्हणेन, परत येताच तारखा आणि गावांची नावे एका चिठ्ठीवर लिहून ती रेशनकार्डाजवळ ठेवावी. मुलगा बेशुद्ध असला तर आई ती चिठ्ठी दाखवू शकेल.

आणि त्याच्या आईने रविवारी गच्चीवरची टाकी रिकामी करून घासावी, कुंडीखालची ताटली उपडी करावी. ट्रकवाल्यांनी जुने टायर छपराखाली ठेवावेत. पिवळे पुस्तक विमानतळाच्या दाराशी पहारा करते. कळंबोलीच्या दाराशी पहारा करायला दुसरे कोणी येणार नाही.

तेव्हा जरूर जा. पुष्कळ पाहा, चांगले काम करा, आणि सांगण्याजोग्या गोष्टी घेऊन या. वाट कोणती आहे ते तिकिटावर पाहा, टोचायचे असेल तर दहा दिवस आधी टोचा, गोळ्या शेवटपर्यंत घ्या, आणि परत आल्यावर ताप आलाच तर ते एक वाक्य विसरू नका.